पाय दुखत नव्हता, सुजलाही नव्हता: मेडिसिन वॉर्डातल्या एका गुठळीचं प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात हे घडलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नंतर या केसचा आढावा घ्यायला जी बैठक झाली, तिला फिजिशियन म्हणून मी हजर होते. केस पेपर, ट्रीटमेंट चार्ट आणि सिस्टरांच्या नोंदी तिथे समोर ठेवल्या होत्या. पुढचं सगळं त्यांच्याच आधाराने लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

आजी ७२ वर्षांच्या, वजन ४६ किलो. विडी-तंबाखूला कधी हात लावलेला नाही, पण जन्मभर चुलीपुढे बसून स्वयंपाक केलेला. त्यातून सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार. पावसाळ्यात चार दिवस ताप आणि खोकला झाला, मग दम इतका वाढला की बोलताना वाक्य पुरं होईना. मुलगा आणि सून रात्री त्यांना घेऊन आले. ऑक्सिजन ८२ टक्के, एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया. अँटिबायोटिक, नेब्युलायझेशन, स्टेरॉइड आणि ऑक्सिजन लगेच सुरू झालं. यात कुठेही ढिलाई नव्हती.

या रुग्णालयात दाखल होणाऱ्या प्रत्येक मेडिसिनच्या रुग्णासाठी पायातल्या शिरेत गुठळी होण्याचा, म्हणजे डीव्हीटीचा धोका मोजायचा फॉर्म भरतात. मोजणी पाडुआ स्कोअर या गुणांच्या यादीने होते. चार किंवा जास्त गुण आले की धोका मोठा, आणि रक्तस्रावाची भीती नसेल तर गुठळी टाळायचं इंजेक्शन सुरू करायचं. रात्रपाळीच्या आरएमओ (निवासी डॉक्टर) मॅडमनी आजींना तीन गुण दिले: वय सत्तरच्या वर म्हणून एक, श्वसनाचं फेल्युअर म्हणून एक, संसर्ग म्हणून एक. हालचालीचा रकाना रिकामा ठेवला, कारण आजी सुनेचा हात धरून बाथरूमला जाऊन आल्या होत्या. एकूण तीन, म्हणजे धोका कमी. फॉर्मवर सही झाली आणि तो फाइलच्या मागच्या बाजूला गेला.

अडचण

दुसऱ्या रात्री आजी गुंगीत जाऊ लागल्या. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ७८ वर, पीएच ७.२६, म्हणजे रक्त आम्लाकडे झुकलेलं. त्यांना आयसीयूत हलवून मास्कमधून दाबाने हवा देणारा बायपॅप लावला, लघवीची नळी घातली. तेव्हापासून आजी पूर्णपणे पलंगावर.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला फिजिशियननी गुठळी टाळायचं इंजेक्शन, हेपरिन ५००० युनिट, पोटाच्या कातडीखाली, दिवसातून दोनदा असं लिहिलं. सकाळचा डोस गेला. संध्याकाळी थुंकीत रक्ताच्या रेषा दिसल्या. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी चार्टवर लिहिलं, "हेपरिन होल्ड", म्हणजे तूर्त थांबवा, आणि टीबीसाठी थुंकीची सीबीनॅट तपासणी पाठवली. दोन्ही पावलं बरोबर होती. पाचव्या दिवशी रिपोर्ट निगेटिव्ह आला. रक्ताच्या रेषा त्याआधीच थांबल्या होत्या, प्लेटलेट १ लाख ६० हजार, हिमोग्लोबिन १०.४. होल्डचं कारण संपलं होतं, होल्ड मात्र तसाच राहिला. चार्टवर त्या ओळीपुढे रोज आडवी रेघ मारलेली दिसते. पाळी बदलताना डॉक्टर आणि सिस्टर दोघांनाही तेच सांगितलं जात होतं: हेपरिन होल्डवर आहे. का, आणि कधीपर्यंत, हे कुणी विचारलं नाही.

त्यातच सुनेने आणि नर्सिंगच्या मुलींनी आजींना अगदी मायेनं जपलं. कूस बदलायची, डोकं उंच ठेवायचं, संध्याकाळी पाय चेपून द्यायचे. "त्यांना अजिबात उठवू नका, दम लागतोय" असं मुलगा प्रत्येकाला बजावून सांगायचा. आपल्याकडे आजारी माणसाची सेवा म्हणजे त्याला हलू न देणं. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

नवव्या दिवशी सलाइनसाठी हातावर एकही शीर मिळेना. अँटिबायोटिक बदलायचं होतं, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही १.६ पर्यंत चढलं होतं. आरएमओ मॅडमनी डाव्या जांघेतून सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) टाकायचं ठरवलं आणि सोनोग्राफीचा प्रोब आणला. हे मशीन वॉर्डात येऊन फार दिवस झाले नव्हते. त्याआधी लाइन धमनीचा ठोका चाचपून अंदाजानेच टाकायचे.

स्क्रीनवर धमनी आणि शीर शेजारी शेजारी दिसत होत्या, दोन काळे गोल. प्रोब दाबला की धमनी गोलच राहते आणि शीर चपटी होऊन मिटते, हे शिकताना पहिल्याच दिवशी सांगतात. मॅडमनी दाबलं. शीर मिटेना. आणखी जोर दिला तर धमनीही थोडी चेपली, पण शीर होती तशीच, आत करडसर काहीतरी धरून. मॅडमनी प्रोब उजव्या जांघेवर नेला. तिथली शीर हलक्या दाबाने मिटली. सुई ट्रेमध्ये परत गेली आणि रेडिओलॉजिस्टना फोन झाला. कलर डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, डाव्या जांघेच्या मुख्य शिरेपासून गुडघ्यामागच्या शिरेपर्यंत गुठळी सापडली.

दोन्ही पोटऱ्या टेपने मोजल्या: डावी २७.५ सेंटिमीटर, उजवी २७. संशय यायला तीन सेंटिमीटरहून जास्त फरक लागतो. लाली नाही, गरमपणा नाही, दाबल्यावर दुखणं नाही.

लक्षणं का नव्हती

बैठकीत सर्वात जास्त वेळ याच प्रश्नावर गेला, आणि तो गेलाच पाहिजे होता. बहुतेकांच्या मनातली डीव्हीटी म्हणजे एक सुजलेला, तांबडा, दुखणारा पाय.

गुठळीने शीर पूर्ण बुजवली नसेल तर कडेने रक्त वाहत राहतं. आडव्या माणसाच्या पायात गुरुत्वाकर्षणाने पाणी उतरत नाही, त्यामुळे उभ्या माणसाला जी सूज येईल ती त्याला येत नाही. शेजारच्या लहान शिरा काही भार उचलतात. आणि बायपॅपच्या मास्कखाली अर्धवट गुंगीत असलेला माणूस पाय जड वाटतो अशी तक्रार करत नाही. आजी शुद्धीवर आल्यावर मी त्यांना विचारलं, "आजी, पाय दुखत नव्हता का?" त्या म्हणाल्या, "पायाकडं कुणाचं लक्ष होतं बाई, श्वासच पुरत नव्हता."

जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने ओळखली जाणारी तीन कारणं इथे एकत्र आली होती: रक्ताचं साचून राहणं, शिरेच्या अस्तराला इजा, आणि रक्ताची गोठायची वाढलेली ओढ. पलंगावर पोटरीचे स्नायू आवळत नाहीत, म्हणून रक्त साचतं. न्यूमोनियाची दाहक्रिया उरलेल्या दोन्ही कारणांना हातभार लावते. म्हणजे ऑपरेशन झालेलं नसलं तरी मेडिसिनच्या रुग्णाला गुठळी व्हायला पुरेशी कारणं असतात. ऑर्थोपेडिकच्या वॉर्डात हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. मेडिसिनमध्ये अजून तितकं नाही.

याचे आकडे जुने आहेत आणि ठळक आहेत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मेडेनॉक्स चाचणीत अशाच रुग्णांच्या पायाच्या शिरा ठरवून तपासल्या. नुसतं प्लॅसिबो (औषध नसलेलं इंजेक्शन) मिळालेल्यांपैकी १४.९ टक्के लोकांना दोन आठवड्यांत गुठळी झालेली होती. गुठळी टाळायचं एनॉक्सापॅरिन इंजेक्शन ४० मिलिग्रॅम रोज मिळालेल्यांत हे प्रमाण ५.५ टक्के होतं. यातल्या बहुतेक गुठळ्यांना लक्षणं नव्हती. तपासलं नसतं तर त्या सापडल्याच नसत्या.

काही डॉक्टर इथे आक्षेप घेतात की जी दुखत नाही आणि सूज आणत नाही त्या गुठळीला एवढं महत्त्व कशाला. आक्षेप प्रामाणिक आहे. त्याला काही अंशी उत्तर डाल्टेपॅरिन या तशाच इंजेक्शनच्या प्रिव्हेंट चाचणीतल्या रुग्णांच्या पुढच्या विश्लेषणातून मिळतं. गुडघ्यामागे किंवा त्याच्या वर मूक गुठळी सापडलेल्यांपैकी ९० दिवसांत १३.७५ टक्के दगावले. गुठळी नसलेल्यांत हे प्रमाण १.९२ टक्के होतं. अर्थात जास्त आजारी माणसाला गुठळीही जास्त होते, त्यामुळे हे सगळे मृत्यू गुठळीच्या माथी मारता येत नाहीत. पण वरच्या शिरेतली गुठळी निरुपद्रवी म्हणून सोडून द्यावी असं हा आकडा पाहिल्यावर मला तरी म्हणवत नाही.

पर्याय

गुठळी सापडली त्या दुपारी टीमपुढे चार प्रश्न होते.

पहिला, फुप्फुसात गुठळी गेली आहे का हे बघायला सीटी अँजिओ करायचा का? आजींचं क्रिएटिनिन १.६ आकड्याने फार भीतिदायक वाटत नाही, पण ४६ किलोच्या ७२ वर्षांच्या बाईसाठी हिशेब केला तर किडनीची क्षमता मिनिटाला जेमतेम २३ मिलिलिटर येते. अशा किडनीला सीटीसाठी शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट औषध जोखमीचं. त्यात वरच्या शिरेतली गुठळी समोर दिसत असताना उपचार तोच राहणार होता. रक्तदाब स्थिर होता. सीटी टाळला. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण दिसला, पण तो सीओपीडीमुळे आधीपासूनचाही असू शकतो, म्हणून त्यावरून निष्कर्ष काढला नाही.

दुसरा, थांबून चार दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करायची का? पोटरीतल्या छोट्या गुठळीत हा विचार कधी कधी योग्य ठरतो. जांघेतल्या गुठळीत नाही. हा पर्याय लगेच बाजूला पडला.

तिसरा, पोटातल्या मोठ्या शिरेत फिल्टर. मुलाने मोबाइलवर वाचून तो स्वतःच विचारला होता. रक्त पातळ करणारं औषध देताच येत नसेल तेव्हाच फिल्टरचा विचार करतात, आणि आजींना औषध देता येत होतं.

चौथा आणि खरा प्रश्न होता, कोणतं औषध? एनॉक्सापॅरिन सोयीचं, पण ते किडनीवाटे बाहेर पडतं. २३ च्या क्षमतेला दिवसभराचा डोस निम्मा करून, म्हणजे दोनदाऐवजी एकदाच देता येतो, तरी सहा दिवसांपूर्वी थुंकीत रक्त येऊन गेलं होतं आणि पुन्हा आलं तर या औषधाचा परिणाम पूर्णपणे उलटवता येत नाही. साध्या हेपरिनचं इन्फ्युजन (शिरेतून सतत सोडणं) बंद केलं की काही तासांत परिणाम ओसरतो, आणि प्रोटॅमिन या उताऱ्याने तो लगेच उलटवताही येतो. त्याची किंमत म्हणजे सुरुवातीला दर सहा तासांनी एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची चाचणी. रात्री लॅबमध्ये एकच टेक्निशियन असतो. त्याच्याशी आधी बोलणं झालं आणि तो "सर, पाठवा, मी लावतो" म्हणाला, तेव्हाच इन्फ्युजनचं नक्की झालं.

काय केलं

एरवी सुरुवातीला एक मोठा डोस एकदम देतात. रक्ताच्या रेषांचा इतिहास पाहून तो वगळला. ताशी १८ युनिट प्रतिकिलो या हिशेबाने ताशी सुमारे ८०० युनिटवर इन्फ्युजन सुरू झालं. पहिला एपीटीटी कमी आला, वेग वाढवला. तिसऱ्या नमुन्याला तो हव्या त्या टप्प्यात बसला. हेपरिनमुळे काही रुग्णांच्या प्लेटलेट घसरतात, म्हणून त्यावरही नजर ठेवली. घसरल्या नाहीत. सेंट्रल लाइन सोनोग्राफीखाली उजव्या मानेतून टाकली.

सुनेला पाय चेपणं थांबवायला सांगायचं होतं. हे सांगणं नाजूक, कारण ती रोज संध्याकाळी न चुकता हेच करत आली होती, आणि आता आपल्या हातून काही वाईट झालं असं तिने मनाला लावून घेऊ नये. सिस्टरने तिला शेजारी बसवलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही केलंत म्हणून गुठळी झालेली नाही. पडून राहिल्यामुळे झाली. आता चेपायचं नाही, तेलही चोळायचं नाही. आजींना पावलं वरखाली करायला लावायची, तासाला दहा वेळा. ते काम तुमचं." तिने ते मनापासून केलं.

मुलाला वाटत होतं की गुठळी सापडली म्हणजे आता तर पायही हलवायचा नाही. हा समज जुन्या पिढीच्या डॉक्टरांतही होता. रक्त पातळ करणारं औषध व्यवस्थित लागू पडल्यावर रुग्णाला चालवायला हरकत नसते. इन्फ्युजनच्या दुसऱ्या दिवशी आजींना खुर्चीत बसवलं, तिसऱ्या दिवशी त्या फिजिओथेरपिस्टचा हात धरून पलंगाभोवती फिरल्या.

चार दिवसांत क्रिएटिनिन १.० वर आलं, म्हणजे क्षमता सुमारे ३७. आता गोळीवर जायचं होतं. वॉरफेरिन स्वस्त, पण आयएनआर या रक्तचाचणीसाठी वारंवार एसटीने तालुक्याला यावं लागलं असतं, आणि तो सांभाळता आला नाही की एकतर रक्तस्राव नाहीतर पुन्हा गुठळी. त्यामुळे अपिक्साबॅन ही गोळी निवडली: आधी आठवडाभर १० मिलिग्रॅम दोनदा, मग ५ मिलिग्रॅम दोनदा. इथे निगेटिव्ह आलेला सीबीनॅट पुन्हा उपयोगी पडला. टीबी निघाला असता आणि टीबीचं रिफॅम्पिसिन सुरू झालं असतं, तर त्याने अपिक्साबॅनची रक्तातली पातळी खाली ओढली असती आणि निवड बदलावी लागली असती.

परिणाम

सतराव्या दिवशी आजी घरी गेल्या. तीन महिने गोळी चालली, रक्तस्राव झाला नाही. तीन महिन्यांनंतरच्या डॉपलरमध्ये जांघेतली शीर दाबल्यावर पूर्ण मिटत होती, गुडघ्यामागे भिंत थोडी जाड राहिली होती. गुठळीला ठळक तात्पुरतं कारण होतं, म्हणून गोळी बंद केली आणि कॅन्सर शोधण्यासाठी मोठ्या तपासण्यांच्या मागे लागलो नाही. पायावर सूज नाही, डाग नाही.

सातव्या-आठव्या दिवशी आजींचा ऑक्सिजन अपेक्षेइतका का वाढत नव्हता, याचं उत्तर मिळालं नाही. न्यूमोनियाच असेल, किंवा एखादा छोटा तुकडा फुप्फुसात गेलाही असेल. आढाव्याच्या अहवालात हा प्रश्न उघडाच ठेवला आहे.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

पहिली जागा दाखल झाल्याच्या रात्रीची. पाडुआ स्कोअरमध्ये कमी हालचाल म्हणजे किमान तीन दिवस पलंगावर राहणं, आणि बाथरूमपुरतं उठणं त्यात धरलेलंच आहे. बाथरूमला जाते म्हणजे चालती-फिरती आहे, हा अर्थ सहज मनात येतो आणि तो चुकीचा आहे. त्या एका रकान्याला तीन गुण आहेत. तो भरला असता तर आजींचा स्कोअर पहिल्याच रात्री सहा झाला असता. पाडुआच्या मूळ अभ्यासात जास्त धोक्याच्या गटात इंजेक्शन न मिळालेल्यांपैकी ११ टक्के रुग्णांना ९० दिवसांत गुठळीचा त्रास झाला, कमी धोक्याच्या गटात ०.३ टक्के. इतका फरक एका रकान्याच्या अर्थावर अवलंबून होता. आता फॉर्मवर त्या ओळीपुढे मराठीत छापलं आहे: "फक्त बाथरूमला उठतात? तरी ३ गुण."

दुसरी जागा बायपॅप लावला ती रात्र. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शनात रुग्णाची स्थिती बदलली की धोका पुन्हा मोजावा असं स्पष्ट आहे. आपल्याकडे तो दाखल होतानाच्या कागदपत्रांचा भाग मानला जातो, आणि कागदपत्रं एकदाच होतात. आता आयसीयूत हलवण्याच्या नोटमध्येच नवा स्कोअर लिहायची जागा केली आहे.

तिसरी जागा होल्डची, आणि माझ्या मते या प्रकरणातली सर्वात महत्त्वाची. थुंकीत रक्त दिसल्यावर हेपरिन थांबवणं चूक नव्हतं. चूक अशी की होल्डला कारण आणि मुदत लिहिलेली नव्हती. आता नियम असा की नुसतं "होल्ड" लिहिलेलं सिस्टर स्वीकारत नाहीत. कशासाठी, आणि पुन्हा कधी बघायचं, ही दोन्ही उत्तरं हवीत, आणि ती वेळ आली की सिस्टर स्वतः विचारते. सुरुवातीला एक-दोन डॉक्टरांना हे रुचलं नाही. मेट्रन ठाम राहिल्या.

होल्ड असताना पाय यंत्राने दाबत राहायचा पर्याय होता. हवेच्या दाबाने पोटरी आवळणारा पंप स्ट्रोकच्या रुग्णांत उपयोगी ठरला आहे: २०१३ च्या क्लॉट्स ३ चाचणीत गुठळ्या १२.१ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आल्या. पण रुग्णालयात पंप एकच, आणि तो शेजारच्या पलंगावरच्या स्ट्रोकच्या काकांना लावलेला. घट्ट मोजे घालता आले असते असं बैठकीत कुणीतरी सुचवलं. त्याच मालिकेतल्या पहिल्या चाचणीत स्ट्रोकच्या रुग्णांना मांडीपर्यंतच्या मोज्यांचा फायदा दिसला नव्हता, उलट कातडीला इजा झाल्या होत्या. आजींच्या पातळ कातडीला ते घालायला मी तयार झाले नसते. दुसऱ्या पंपाची मागणी ट्रस्टकडे गेली आहे.

मग सगळ्यांचीच सोनोग्राफी का करू नये, हा प्रश्न मुलाने विचारला आणि आमच्याच एका तरुण डॉक्टरनेही. या केसमध्ये गुठळी योगायोगाने सापडली, म्हणून तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण गंभीर रुग्णांची सरसकट सोनोग्राफी करू नये असंच अमेरिकन छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं २०१२ चं मार्गदर्शन सुचवतं. डी-डायमर ही गुठळीच्या संशयासाठीची रक्तचाचणीही इथे कामाची नाही, कारण न्यूमोनियाच्या रुग्णात तिचा आकडा तसाही वाढलेलाच असतो. योग्य माणसाला वेळेवर इंजेक्शन मिळणं हेच जास्त लोकांना वाचवतं. आणि ते मिळत नाही, ही आपली मोठी अडचण. एंडॉर्स नावाच्या ३२ देशांतल्या पाहणीत धोका असलेल्या मेडिसिनच्या रुग्णांपैकी ३९.५ टक्क्यांनाच योग्य प्रतिबंध मिळत होता. त्यातल्या भारतीय रुग्णालयांत हा आकडा २० टक्क्यांच्याही खाली होता.

आजींना घरी पाठवताना डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्या ओळीतच लाल अक्षरांत लिहून दिलं: "डाव्या पायात गुठळी होऊन गेली आहे." पाडुआमध्ये या एका गोष्टीला तीन गुण आहेत आणि वयाचा एक, म्हणजे पुढच्या वेळी कुठल्याही रुग्णालयात, कुठल्याही आजारासाठी दाखल झाल्या तरी त्यांचा स्कोअर चारपासूनच सुरू होईल. मुलाने त्या कार्डाला प्लॅस्टिकचं कव्हर घालून घेतलं आहे, आणि दाखल करायची वेळ आली की ते आधी दाखवायचं हे सुनेला पाठ आहे.